आजारपणावरची शिल्पं म्हणजे शेवटी बघणाऱ्याकडे दया मागणंच नाही का?

काही असतात तशी. पण सरसकट म्हणाल तर मला पटत नाही, आणि ते अलिना शापोच्निकोवमुळे.

पोलंडची ही ज्यू शिल्पकार १९२६ची. ऐन विशीच्या आत घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, मग आउश्वित्झ आणि बेर्गन-बेल्सन या नाझी छळछावण्या. त्यातून वाचली तर पंचविशीत क्षय झाला. १९६२ साली तिने स्वतःच्या पायाचा साचा काढला. पुढे पॅरिसला जाऊन पोट, स्तन, ओठ. ओठांचे तर रंगीत रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) दिवे केले, आत बल्ब! चक्क चावट काम आहे.

१९६९मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला. तेव्हा तिने पॉलिएस्टर रेझिनमध्ये बँडेजचं कापड, चुरगळलेली वर्तमानपत्रं, फोटो असं काय काय कोंबून ओबडधोबड गोळे केले, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच, आणि १९७१च्या संचात त्यांना स्वतःचा चेहरा दिला. मी फोटोतच पाहिलेत. जमिनीवर खडीत पडलेले गोळे. एखाद्यात नाक-ओठ स्पष्ट, बाकी सगळं सुजलेलं. दया यायला समोर रुग्ण लागतो. इथे रुग्ण नाहीच, गाठच तिचं तोंड घेऊन बसली आहे आणि तुमच्याकडे तिचं काही काम नाही. १९७३मध्ये अलिना गेली.

मला स्वतःला आमवात आहे आणि मी साचेकाम करते, त्यामुळे हे जरा जवळचं. हाताला व्हॅसलिन चोपडून प्लास्टरच्या पट्ट्या लावल्या की सेट होताना ते गरम होतं, दुखऱ्या सांध्यांना बरं वाटतं. (प्लास्टरच्या बादलीत आख्खा हात मात्र कधी घालू नका, जबर भाजतो.) साचा उघडल्यावर सुजलेली पेरं दिसतात, पण तेव्हा माझं सगळं लक्ष बुडबुडे कुठे राहिलेत याकडे. काम करताना स्वतःची कीव करायला फुरसत नसते हो.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००५ ते २००७ शिल्पकार मार्क क्विनने केलेलं ॲलिसन लॅपरचं शिल्प होतं: जन्मतः हात नसलेली, आखूड पायांची, गरोदर बाई, संगमरवरात, साडेतीन मीटर उंच. दया न मागणारं शिल्प म्हणून लोक त्याचंच उदाहरण देतात. मला ते जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. लॅपर स्वतः चित्रकार आहे. तिने स्वतःच्या शरीरावर केलेलं काम आधी बघा.