वडिलांची जुनी जीटीओ शोधण्यापूर्वी

तुमच्या वडिलांनी विकलेली १९६९ ची पाँटियाक जीटीओ ही अमेरिकी मोटार शोधायची असेल, तर जाहिरातींमधील छायाचित्रे पाहत बसण्याआधी तिचा व्हीआयएन, म्हणजे चासी क्रमांक, मिळवा. रंग आणि चाके बदलतात, इंजिनेही बदलली जातात. शिवाय पाँटियाकच्याच साध्या ल मान्स गाडीवर जीटीओची चिन्हे लावून विकलेल्या गाड्या कमी नाहीत. हा क्रमांक जुन्या विमापत्रात, टायटलच्या, म्हणजे मालकीच्या दाखल्याच्या, प्रतीत, कर्जाच्या कागदात किंवा गॅरेजच्या पावतीवर सापडू शकतो, म्हणून घरातील एकही कागद रद्दीत टाकू नका. त्या वर्षीच्या अस्सल जीटीओचा क्रमांक २४२ ने सुरू होतो आणि त्यात एकूण तेराच अक्षरे व अंक असतात. सतरा अक्षरांची पद्धत १९८१ पासूनची असल्यामुळे आजच्या संकेतस्थळांवरील शोधयंत्रे असा जुना क्रमांक बहुधा नाकारतात. त्याने खचून जाऊ नये.

क्रमांक हाती आल्यावर जुन्या पाँटियाक गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून शुल्क भरून मूळ बिलाची प्रत मागवता येते, आणि तीवरून गाडी कोणत्या विक्रेत्याकडे, कोणत्या सुविधांसह गेली ते कळते. सध्याच्या मालकाचे नाव मात्र मोटार वाहन कार्यालय सहसा देणार नाही, कारण अमेरिकेचा १९९४ चा संघीय गोपनीयता कायदा आड येतो. त्यामुळे जीटीओप्रेमींच्या क्लबांतच विचारावे लागते. तिथे क्रमांकाचे शेवटचे अंक झाकूनच ठेवा. भावनेच्या भरात पैसे मोजणाऱ्या मुलांना हेरणारे लोक असतात. मालक भेटलाच, तर पहिल्या पत्रात किंमत विचारू नका, वडिलांचे गाडीसोबतचे छायाचित्र पाठवा.