लेबर लॉ करणाऱ्या वकिलाने इंटरनॅशनल ट्रेनिंग आणि ओळखींसाठी कुठे जावं?

आधी ट्रेनिंग, मग ओळखी, असं माझं मत. आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं, ट्रेनिंग सेंटर इटलीत ट्युरिनला आहे, 1964 पासूनचं, तिथे जज आणि वकिलांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम मानकांवर कोर्स असतात, म्हणजे कन्व्हेन्शन 190 (कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा) सारखा करार आपल्या कोर्टात युक्तिवादात कसा वापरायचा वगैरे. नेटवर्किंगला इंटरनॅशनल बार असोसिएशनची एम्प्लॉयमेंट अँड इंडस्ट्रियल रिलेशन्स लॉ कमिटी बघा, पण नुसती कार्डं वाटून काही होत नाही हो! तिथे भेटलेल्या कोणा परदेशी वकिलाने विचारलं की तुमच्याकडे नोटीस पीरियड किती, नॉन-कॉम्पीट (नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट) चालतो का, तर त्याच दिवशी दोन ओळींचं नेमकं उत्तर पाठवा, पुढची केस आली की त्याला तुम्हीच आठवता. आणि जायच्या आधी नॉर्मलेक्स, म्हणजे आयएलओचा श्रम मानकांचा ऑनलाइन डेटाबेस, चाळा, फुकट आहे.