नवरा लंडनला नेत नाही: मन नाही की कागद नाहीत?

“लग्नाला अकरा महिने झाले. दर वेळी ‘अजून थोडं थांब’ म्हणतो. त्याला मला न्यायचंच नाहीये का?” नवरा ब्रिटनमध्ये असलेल्या मुली हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला वरचेवर येतात. या मुलीसोबत आईही आली होती, आणि आईच्या मनात निकाल लागून गेला होता.

अशा वेळी नवऱ्याच्या स्वभावाआधी त्याचे कागद पाहावेत. तो वर्क व्हिसावर असेल तर बायकोला डिपेंडंट म्हणून नेण्याचे नियम वेगळे. तो ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी असेल तर स्पाउस व्हिसा, म्हणजे जोडीदारासाठीचा व्हिसा, लागतो आणि उत्पन्नाची अट आडवी येते. हिचा नवरा नागरिक होता.

ही अट पूर्वी वर्षाला 18,600 पौंडांची होती, 11 एप्रिल 2024 पासून ती 29,000 झाली. मुलीचा इथला पगार कितीही असो, तो धरत नाहीत. त्याची नोकरी एकाच ठिकाणी किमान सहा महिने झालेली असेल तर त्या सहा महिन्यांच्या पेस्लिप, त्याच रकमा जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. नोकरी त्याहून नवी असेल तर आताचा पगार तेवढा हवाच, शिवाय मागच्या बारा महिन्यांत 29,000 प्रत्यक्ष हाती आलेले हवेत. गाडी अडते ती इथे.

पुढच्या भेटीत तो व्हिडिओ कॉलवर आला. पेस्लिप मागितल्यावर बराच वेळ गप्प, मग एकेक फोटो पाठवू लागला. नोव्हेंबरपर्यंत एका कंपनीचं नाव. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची पेस्लिपच नाही. मार्चपासून दुसरं नाव. नोकरी गेली होती आणि सासरच्यांना कळेल या लाजेपोटी त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे पगार 31,000, पण तीन कोरे महिने धरले की वर्षाची बेरीज 23,000 च्या आसपासच. म्हणजे नव्या नोकरीचे सहा महिने पूर्ण होऊन ऑगस्टची पेस्लिप हातात येईपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नव्हता. ती रडली ती थांबावं लागणार म्हणून नाही, आपल्याला सांगितलं नाही म्हणून. पुढच्या दोन भेटी त्यावरच गेल्या, आणि ते योग्यच झालं.

काकांनी सुचवलं होतं, “व्हिजिटर व्हिसावर जा, तिथेच बदलून घे.” तसा बदलून मिळत नाही, आणि अर्जात हेतू खोटा सांगितल्याचं उघड झालं तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं.

पगारच कमी असेल तर बचतीचा आधार घेता येतो, पण हिशेब कडक आहे. पहिले 16,000 पौंड सोडून उरलेल्या रकमेला 2.5 ने भागतात. पगार 26,500 असेल तर 2,500 कमी पडतात, आणि ते भरून काढायला 22,250 पौंडांची शिल्लक हवी, तीही सलग सहा महिने. उसने आणलेले पैसे चालत नाहीत.

महिनोन्महिने मागूनही जो पेस्लिप दाखवत नाही, पासपोर्टची प्रत देत नाही, विवाह नोंदणी टाळतो, त्याच्याबाबतीत मात्र आईची शंका गंभीरपणे घ्यायला हवी. अशा वेळी मुलीने आपले मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत आणि वकिलाला लवकर भेटावं.

या दोघांनी तारखा ठरवल्या. व्हिसासाठी लागणारी इंग्रजीची ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची परीक्षा जूनमध्ये. टीबी तपासणी ऑगस्टमध्ये, कारण तिचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. मेची पेस्लिप त्याने पगाराच्या दिवशीच पाठवली. तिने ती आधी आईला दाखवली.