आईबाबांना युंगफ्राऊला न्यावं की गोर्नरग्राटला?

सत्तरीच्या आईबाबांना मे महिन्यात मुंबईहून स्वित्झर्लंडला नेताय, युंगफ्राऊयोखची गाडी त्यांना झेपेल का आणि पैसे वसूल होतील का, असं विचारलंय तुम्ही.

झेपण्याचं आधी डॉक्टरांना विचारा, हृदयाचं किंवा दम्याचं काही असेल तर नक्कीच. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. दादर-माहीमच्या माणसाला तिथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

पैशांचं म्हणाल तर आईंना नेमकं काय हवंय ते विचारा. खिडकीत बसून डोंगर बघायची हौस असेल तर युंगफ्राऊला त्या कंटाळतील. १९१२ साली पूर्ण झालेला तो मार्ग अचाटच आहे, पण आयगरग्लेचर स्टेशन सुटलं की वरपर्यंत जवळजवळ सगळा बोगदा. वर जाताना बोगद्यातल्या आइसमेअर स्टेशनला गाडी पाचेक मिनिटं थांबते, तिथल्या काचेतून बर्फ दिसतो. बाकी वेळ खिडकीत आपलंच तोंड! वर पोचल्यावर दिसणारी अलेच हिमनदी मात्र डोळे दिपवते, अर्थात ढग नसतील तर.

म्हणून माझं मत झेरमाटहून डोंगरावर जाणाऱ्या गोर्नरग्राटच्या गाडीला. झेरमाट गावच १६०५ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतकं. तिथून ३०८९ मीटरपर्यंत अर्ध्या-पाऊण तासात, बहुतेक उघड्यावरून. आपली माथेरानची गाडी वळसे घेत चढते. इथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात अडकतं, त्यामुळे गाडी सरळ चढाला भिडते आणि पाठ आपोआप सीटला टेकते. चढताना उजवीकडची खिडकी धरा, मॅटरहॉर्न शिखर त्या बाजूला. हा मार्ग १८९८ पासून विजेवर चालतो, हे बाबांना सांगा. रेल्वेवेड्या माणसाला एवढं पुरतं.

तरी युंगफ्राऊच हवं असेल, तर तिकीट आधी काढून ठेवू नका. सकाळी वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण बघा, पांढरंफटक दिसलं तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकला. (टूर कंपनीबरोबर ही सोय नसते, तारीख ठरलेली.) युंगफ्राऊच्या पायथ्याकडच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून २०२० साली सुरू झालेली केबलकार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला पोचवते, पण वयस्कांना मी जाताना जुन्या गाडीनेच नेईन. मधल्या क्लाइने शाइडेग स्टेशनला, २०६१ मीटरवर, उतरून निवांत चहा घ्या, मग पुढची गाडी पकडा. केबलकार येताना.

स्विस ट्रॅव्हल पास काढणार असाल तर गोर्नरग्राटला निम्मं भाडं पडतं. युंगफ्राऊला ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांच्या वर फक्त पाव सूट.