नोकरी जाहिरातीची, रविवार गोदाघाटाचा

ताई, पत्र मिळालं. तुमची लेक उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेत तिला नोकरी मिळते आहे, पण तिला जलरंगात निसर्गचित्रंच काढायची आहेत, नोकरी नको. तिचे बाबा म्हणतात, "पंधरा वर्षं नोकरी कर, पैसे साठव, मग काढ हवी तेवढी चित्रं." दोघांत बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंत.

नोकरी कर, हा बाबांचा सल्ला मला पटतो. 'मग' हा शब्द पटत नाही.

पैसे बँकेत ठेवता येतात, हात ठेवता येत नाही. कागद किती ओला असताना दुसरा रंग सोडायचा, तो किती पसरेल, कुठे थांबेल हे बोटांना कळावं लागतं. महिनाभर ब्रश धरला नाही तरी हा अंदाज चुकायला लागतो, पंधरा वर्षांचं तर विचारूच नका. त्यात जाहिरातीचं काम आता बहुतेक संगणकावर. तिथे चुकलेलं क्षणात मागे घेता येतं. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागदच, तो एकदा गेला की गेला.

एडवर्ड हॉपर या अमेरिकी चित्रकाराचं उदाहरण लेकीला जरूर सांगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कमध्ये एका जाहिरात संस्थेत लागला आणि पुढे कित्येक वर्षं मासिकांसाठी चित्रं काढून पोट भरलं. ते काम त्याला मनापासून नकोसं होतं. १९१३ साली एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं एक तैलचित्र २५० डॉलरना गेलं आणि त्यानंतर दहा वर्षं त्याचं स्वतःचं रंगवलेलं एकही चित्र विकलं गेलं नाही. पण त्या काळातही उन्हाळा आला की तो अमेरिकेतल्याच मेन राज्याच्या समुद्रकाठी जाऊन उघड्यावर रंगवत बसायचा. १९२३ साली ग्लॉस्टर या मच्छीमारांच्या गावात, जोसेफिन निविसन या चित्रकार मैत्रिणीच्या आग्रहावरून, त्यानं तिथली घरं जलरंगात रंगवली. त्यातलं एक ब्रुकलिन म्युझियमनं १०० डॉलरना घेतलं. पुढच्याच वर्षी त्याचं जलरंगांचं प्रदर्शन सगळंच्या सगळं विकलं गेलं. तेव्हा कुठे त्यानं व्यावसायिक काम सोडलं. वय ४२. त्या मधल्या वर्षांत त्यानं ब्रश खाली ठेवला असता, तर ग्लॉस्टरच्या उन्हात त्याच्या हातून काय उतरलं असतं?

नोकरीतून तिला पुष्कळ मिळेल. चित्र करण्याआधी चार छोटी कच्ची रेखाटनं करून रचना पक्की करणं, नको ते काढून टाकणं, ठरल्या दिवशी काम देणं, आपल्या कामाची किंमत न लाजता सांगणं. हे शेवटचं तर कित्येक गुणी चित्रकारांना आयुष्यभर जमत नाही. एक धोका मात्र आहे. जाहिरातीत काय काढायचं हे दुसरा ठरवतो. ती सवय अंगात मुरली, की उद्या कोऱ्या कागदासमोर बसल्यावर सांगणारं कुणी नसतं आणि माणूस गोंधळतो. म्हणून स्वतःचे विषय आजपासूनच हवेत. तुम्ही नाशिकचे. शिवाजी तुपेंसारखा निसर्गचित्रकार तुमच्याच गावात होऊन गेला, आणि गोदाघाट घरापासून काही लांब नाही.

पूर्णवेळ चित्रकाराच्या पैशांबद्दल बाबांना काळजी वाटते, ती रास्त आहे. नुसती चित्रं विकून घर चालवणारे थोडे. बहुतेकांना कार्यशाळा, प्रात्यक्षिकं, ऑनलाइन वर्ग यांचा आधार लागतो. जहांगीरसारख्या कलादालनात अर्ज केल्यावर तारीख मिळायलाच वर्षं जातात. त्यामुळे लेकीनं नोकरीत असतानाच बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासारख्या ठिकाणी चित्रं पाठवायला लागावं. नाकारली गेली तरी पाठवावीत. विकायच्या चित्रासाठी कागद सुती, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) आणि रंग टिकाऊ असावेत. अस्सल अलिझारिन क्रिमझन हा गडद लाल रंग उजेडात फिका पडतो. विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर चित्र विटलं, तर तो पुन्हा आपल्याकडे येत नाही.

नोकरी कधी सोडायची, याचं वय मी सांगणार नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला आहे, चित्रं ओळखीबाहेरच्या लोकांनीही घेतली आहेत आणि शिकवण्यातून थोडं का होईना नियमित येतं आहे, एवढं जुळलं की तिनं बाबांशी पुन्हा बोलावं. ते पाच वर्षांत होईल किंवा बारा.

तोवर आठवड्यातली एक सकाळ तिची. ही अट तिनं स्वतःला घालायची आणि घरच्यांनी पाळायची. त्या सकाळी लग्न, बारसं, पाहुणे काही नाही. हे जड जाईल, मला माहीत आहे. पण ताई, या बाबतीत तिला सगळ्यात जास्त मदत तुमचीच होणार आहे.

आणि होकार कळवण्याआधी तिनं त्या संस्थेत काम करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून एवढंच विचारावं : शनिवार-रविवार खरंच सुट्टी मिळते का?