रिपोर्टमध्ये विषाणू दिसला, आता पुढे?

प्रश्न: मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लशी आणि जैविक औषधांत चुकून शिरलेले विषाणू आता जनुकीय सिक्वेन्सिंगने शोधतात असं वाचलं आणि हेच करायचं असं मनात घेतलंय. बाबा म्हणतात, सगळं मशीन आणि सॉफ्टवेअर करणार, तुझं काय काम उरतं? त्यापेक्षा सरळ कोडिंग शीक. एम.एस्सी.ला विषाणूशास्त्र घेऊ की बायोइन्फर्मॅटिक्स? फॉर्म भरायचा आहे.

उत्तर: बाबांचं अर्धं बरोबर आहे. डीएनए वाचायचं, म्हणजे सिक्वेन्सिंगचं, काम मशीन करतं, जुळवाजुळव सॉफ्टवेअर करतं. पण त्यानंतर स्क्रीनवर जे उरतं, त्याचा अर्थ कुणीतरी लावावा लागतो.

समज, एका सेल बँकेचा, म्हणजे लस किंवा औषध बनवायला गोठवून ठेवलेल्या पेशींच्या साठ्याचा, नमुना आलाय. त्यातून कोट्यवधी रीड्स, म्हणजे जनुकीय मजकुराचे बारीक तुकडे, मिळाले. पेशींचे स्वतःचे तुकडे बाजूला काढले, उरलेले विषाणूंच्या डेटाबेसशी ताडून पाहिले आणि यादीत एक ओळ आली: एसव्ही 40, रीड्स 212. हे नाव दिसलं की या क्षेत्रातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 1955 ते 1963 या काळातल्या पोलिओ लशीच्या काही साठ्यांत हाच विषाणू होता. लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवायचे, तिथून तो आला. लक्षात आलं 1960 मध्ये, तोवर लस सर्रास टोचली जात होती.

मग काय, बॅच अडवायची? जरा थांब. आयजीव्ही नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात ते 212 तुकडे विषाणूच्या नकाशावर मांडून बघायचे. एसव्ही 40 चा जीनोम साधारण 5,243 अक्षरांचा. तुकडे या सगळ्या लांबीवर विखुरलेले असतील, तर प्रकरण गंभीर. सगळे तीनेकशे अक्षरांच्या एकाच पट्ट्यात एकावर एक रचलेले असतील, तर बहुधा तो प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा तुकडा, आहे. औषधाचं जनुक पेशीत घालताना जे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, वापरतात, त्यात एसव्ही 40 चा तेवढाच तुकडा मुद्दाम ठेवलेला असू शकतो. आता जुनी कागदपत्रं काढायची, ही पेशी कुठल्या प्लाझ्मिडवरून बनली ते शोधायचं, आणि विषाणूच्या दुसऱ्या भागासाठी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी) लावून खात्री करायची. यात कोडिंग किती आणि मायक्रोबायोलॉजी किती, ते तूच मोज.

आणखी एक किस्सा सांगतो, कारण तो कोर्समध्ये सहसा कुणी सांगत नाही. हेपटायटिसच्या काही रुग्णांच्या नमुन्यांत पार्व्होव्हायरससारखा एक ‘नवा’ विषाणू सापडल्याचं जाहीर झालं होतं. 2013 मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवून दिलं की तो रुग्णांत नव्हताच, डीएनए वेगळा करायच्या किटमधल्या सिलिकाच्या कॉलममधून, म्हणजे गाळणीसारख्या नळीतून, येत होता! ज्याने आयुष्यात कधी पिपेट हातात धरलं नाही, त्याला किटवर संशय घ्यायचं सुचणं कठीण. म्हणून नमुन्याबरोबर नुसत्या पाण्याचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, त्याच किटमधून, त्याच दिवशी चालवतात, आणि निकाल वाचताना मी तरी आधी तोच उघडला असता.

तरीही दरवेळी चूक किटचीच असते असं नाही. 2010 मध्ये रोटारिक्स या रोटाव्हायरसवरच्या लशीत डुकरांच्या सर्कोव्हायरसचा, पीसीव्ही 1 चा, डीएनए सापडला तो सिक्वेन्सिंगमुळेच. आधीच्या चाचण्यांतून तो निसटला होता. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मार्चमध्ये लशीचा वापर तात्पुरता थांबवायला सांगितलं आणि मे महिन्यात ती सूचना मागे घेतली, कारण हा विषाणू माणसाला आजारी पाडतो असा पुरावा नव्हता. बोट दाखवलं गेलं ते ट्रिप्सिनकडे. पेशी वाढवताना लागणारं हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. इथे दुसरा प्रश्न येतो: डीएनए आहे, पण विषाणू जिवंत आहे का? नुसतं डीएनए वाचून सिक्वेन्सर हे सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा पेशींवर वाढवून पाहावं लागतं, म्हणजे पुन्हा सेल कल्चर.

कामाला मागणी राहील का? मला वाटतं राहील. आजवर हे विषाणू शोधायला नवजात उंदीर आणि कोंबडीची गर्भधारी अंडी वापरत, शिवाय पेशींवर नमुना घालून आठवडेच्या आठवडे वाट बघत. औषध नियमनाचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज क्यू5ए 2023 मध्ये सुधारला गेला आणि प्राण्यांवरच्या या चाचण्यांऐवजी सिक्वेन्सिंग वापरायची वाट त्याने मोकळी केली. कंपन्या एका रात्रीत बदलणार नाहीत. प्रत्येक पद्धत आधी व्हॅलिडेट करावी लागते: ठरावीक विषाणू ठरावीक प्रमाणात मिसळायचे, किती कमी प्रमाणापर्यंत दिसतात ते सिद्ध करायचं. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला माणसं लागतात.

मात्र ‘विषाणू शोधक’ अशी जाहिरात शोधत बसू नकोस. पदाचं नाव क्यूसी (गुणवत्ता तपासणी), व्हायरल सेफ्टी, बायोसेफ्टी टेस्टिंग असं काहीतरी असतं. नोकऱ्या लस आणि जैविक औषधांच्या कंपन्यांत, त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळांत, थोड्या नियामक संस्थांत. पहिलीच नोकरी सिक्वेन्सिंगवर मिळेल याची खात्री नाही. दोनेक वर्षं सेल कल्चर किंवा पीसीआरवर जातील, ती वाया गेली असं समजू नकोस. आणि कागदपत्रं भरपूर. एसओपीबाहेर, म्हणजे लिहून दिलेल्या कार्यपद्धतीबाहेर, पाऊल नाही, नोंद खोडायची तर एक रेघ, सही, तारीख आणि कारण. बहुतेक रिपोर्टचा शेवट ‘काही आढळलं नाही’ असा होतो, आणि तो तसा व्हावा अशीच सगळ्यांची इच्छा असते. रोज नवा शोध लागावा असं वाटणाऱ्यांचा इथे जीव रमत नाही.

तर फॉर्ममध्ये विषाणूशास्त्र भर. कोडिंग सोबत शीक: लिनक्सची कमांड लाइन, थोडं पायथन, आणि संख्याशास्त्र मनापासून. उलटही करता येतं, पण कोडिंग घरी बसून शिकता येतं, सेल कल्चर नाही. पीएच.डी.चा विचार आत्ता नको. नवी पद्धत स्वतः उभी करायची हौस असेल तर नोकरीनंतर बघ.

सुट्टीत एवढं कर. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या एसआरए या खुल्या संग्रहातून कुठल्याही पेशींच्या सिक्वेन्सिंगचा एक छोटा डेटासेट उतरवून घे, पेशींचे रीड्स काढून टाक, उरलेले आरव्हीडीबी या खुल्या विषाणू डेटाबेसशी ताडून बघ. काही विषाणूंची नावं बहुधा येतील. प्रत्येकासमोर ते खरं का वाटतं किंवा खोटं का, ते एकेका ओळीत लिही आणि ते पान बाबांना दाखव.