तू निघाल्यावर आई-बाबांचं पहिलं सेमिस्टर

तू सप्टेंबरच्या शेवटी एमएससीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला येतोयस. घरात एकुलता एक, बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार, आई शाळेत शिकवते. तू व्हिसाबद्दल काही विचारलेलं नाहीस. तू विचारतोयस की कोथरूडच्या त्या घरात हे दोघं पहिले चार-पाच महिने कसे काढतील आणि तुला त्यासाठी काय करता येईल. रोज फोन करावा का, डिसेंबरात त्यांना इकडे बोलवावं का, आणि अडचणी सांगाव्यात की लपवाव्यात, हेही विचारलं आहेस. मीही कर्वेनगरातून इथे आले, त्याला बरीच वर्षं झाली. दर ऑक्टोबरात पुण्याहून येणारी मुलं-मुली जवळून बघते, त्यांच्या आईवडिलांचे फोनही मला येतात. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मुलगा सुखरूप आहे एवढं कळून आईवडिलांचं भागत नाही. आजवर त्यांचा दिवस तुझ्या वेळांभोवती बांधलेला होता: क्लास, डबा, परीक्षा, रात्री उशिरा वाजणारी बेल. हे सगळं एका रात्रीत थांबतं. त्यांना तुझ्या नव्या आयुष्यात काहीतरी खरंखुरं काम हवं असतं आणि तुझ्याशिवायचं स्वतःचंही काहीतरी हवं असतं. या दोन्हीची तजवीज तू पुण्यात असतानाच करायला घे.

सुरुवात फोनपासून कर. महावितरणचं बिल, गॅसचं बुकिंग, मेडिक्लेमचं नूतनीकरण, घरी यायला रिक्षा बोलावणं, हे सगळं बहुतेक तूच बघतोस. आता सगळं त्यांच्या हातून करून घे आणि तू नुसता शेजारी बस. बाबा चुकीचं बटण दाबतील, तुझा हात पुढे जाईल, तो आवर. कुठला पासवर्ड कुठे आणि कुठल्या नंबरवर ओटीपी येतो, हे एका वहीत आईच्या अक्षरात लिहून ठेवा. तुझा भारतातला नंबर चालू राहावा म्हणून तो रिचार्ज करत राहायचं कामही बाबांकडे दे, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येत राहतील.

याच बैठकीत फसवणुकीचं बोल. मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांना "तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा" असे फोन येतात, कधी व्हिडिओवर खोटा गणवेशवालाही दिसतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे दोघांनाही स्वच्छ सांग. तिघांत एक खुणेचा शब्द ठरवा, जो तुझ्या नावाने पैसे मागणाऱ्याला सांगता आला पाहिजे. तरी काही घडलंच, तर लगेच 1930 वर तक्रार करायची. हा नंबर त्यांच्या फोनमध्ये आजच सेव्ह कर.

पैशांची काळजी बाबा बोलून दाखवत नसतील, पण ती असते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो भरलेत ना, ते दरमहा 992 असे सुटतात, हे त्यांना कागदावर मांडून दाखव. इथे साधं बँक खातं उघडल्याशिवाय पहिला हप्ता हातात पडत नाही, म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे आणायचे, तेही सांग. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. ती कधी भरायची याची तारीख त्यांना माहीत असू दे. आकडे समोर असले की बाबांच्या मनातले हिशेब थांबतात.

तुझं तिकीट पितृपक्षात येतंय म्हणून आजी नाराज आहे, असं तू लिहिलंस. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळंच पुढे गेलंय: गणपती 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला आणि लगेच पितृपक्ष. सेमिस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स महिन्याच्या मध्याला, पण त्याआधी खोली ताब्यात घेणं, नोंदण्या करणं हे असतं, त्यामुळे तिकीट पुढे ढकलू नकोस. त्यापेक्षा गणपतीतला एखादा चांगला दिवस आजीलाच काढायला सांग आणि शेजारच्या काकूंकडे प्रस्थान ठेव. एका पिशवीत एक कपडा, सुपारी आणि तांदूळ ठेवायचे आणि निघताना ती उचलायची. आजीचं समाधान होतं आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तुझ्या जाण्यात हक्काचं काम मिळतं. मला ही पद्धत मनापासून आवडते.

विमानतळाचं अगदी बारकाईने ठरव. विमान मुंबईहून, म्हणजे आई-बाबा तुला सोडायला येणारच. तिकीट नसलेल्यांना टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप दारातच होतो, तो पटकन उरकतो आणि मग तुझी जागा रिकामी असलेल्या गाडीतून मध्यरात्री एक्स्प्रेसवेने परत यायचं. सगळ्यांत अवघड भाग हाच. त्या दोघांना एकटं परत पाठवू नकोस. मामा किंवा आत्या बरोबर असू दे, नाहीतर ठाण्याला, डोंबिवलीला कुणाकडे तरी मुक्काम करू दे आणि सकाळी चहा घेऊन निघू दे. गाडी बाबांनी चालवायची नाही, ड्रायव्हर सांगायचा.

पहिले तीन आठवडे तुझी धांदल आणि त्यांची काळजी दोन्ही कळसाला असतात. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, मग बँक, विमा, सिम, विद्यापीठातले कागद. या दिवसांत लांब फोन जमणार नाहीत, हे निघायच्या आधीच सांगून ठेव. त्याऐवजी रोज एक फोटो पाठव आणि तो तुझा नको. खोलीच्या खिडकीतून काय दिसतं, स्वयंपाकघरातलं तुझं कपाट, फायहिंगेनच्या कॅम्पसवर उतरायचं स्टेशन, मेन्झातलं, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमधलं, ताट. आईला तुझा दिवस डोळ्यांसमोर आणता आला पाहिजे. "मी मजेत आहे" हे वाक्य दहा वेळा ऐकूनही तिला ते जमत नाही.

रोज फोन करावा का? माझ्या मते नाही. रोजच्या फोनला थोड्याच दिवसांत बोलायला काही उरत नाही, मग "जेवलास का, थंडी आहे का" एवढंच. एक दिवस चुकला की तिकडे घबराट. आठवड्यातून दोन ठरलेले फोन आणि मधे मेसेज, हे जास्त टिकतं. वेळ मात्र नीट निवड. तू येशील तेव्हा भारत साडेतीन तास पुढे असेल, आणि 25 ऑक्टोबरला इथली घड्याळं मागे गेली की साडेचार तास. तू रात्री आठला निवांत होशील तेव्हा पुण्यात साडेबारा वाजलेले असतील. आई "मी जागीच होते" म्हणेल आणि सकाळी सातच्या शाळेला अर्धवट झोपेत जाईल. तिला तशी जागवू नकोस. रविवारी इथे दुकानं बंद असतात, तू खोलीवरच असशील. दुपारी एकला फोन कर, तिकडे साडेचार-साडेपाच, झोप झालेली, चहाची वेळ. आठवड्यातला दुसरा फोन मेन्झातून बाहेर पडल्यावर चालता चालता. घड्याळं बदलायच्या आदल्या दिवशी आठवण कर, नाहीतर त्या रविवारी ते तासभर फोनकडे बघत बसतील.

माझ्या बाबांनी त्या वर्षी कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलने श्टुटगार्टचं तापमान लिहायला सुरुवात केली. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी उणे तीन, उणे पाच. फोनवर ते मला हवामान विचारत नसत, सांगत असत: उद्या बर्फ आहे, जाड बूट घाल. आईचं वेगळं झालं. दोघांपुरता स्वयंपाक करण्यात तिला काही अर्थ वाटेना. भाजी-कोशिंबीर गेली आणि रोज खिचडी किंवा पिठलं-भात होऊ लागला. हे मला तिने कधीच सांगितलं नाही, मावशीने सांगितलं. तेव्हा तुझ्या आईला "काय केलंस आज?" हे मनापासून विचारत जा. आणि रेसिपी विचार. तुला आमटी यूट्यूबवर बघूनही जमेल, तरी तिलाच विचार, व्हिडिओवर कढई दाखव, फोडणी केव्हा घालायची ते तिला सांगू दे.

व्हॉट्सॲपच्या 'लास्ट सीन'वरून फार घरांत रुसवेफुगवे होतात. तू असाइनमेंट संपवून रात्री दीडला ऑनलाइन दिसतोस, पुण्यात सहा वाजता बाबा उठतात आणि पहिली गोष्ट ती बघतात. ते बंद करू नकोस. अचानक दिसेनासं झालं की शंका वाढते. "रात्री जागतो, सकाळी उशिरा उठतो, इथे चालतं" एवढं एकदा सांगून टाक.

इथलं विद्यापीठ आईवडिलांना काहीही कळवत नाही, हजेरी नाही की निकाल नाही. तू सज्ञान आहेस, विषय संपला. पुण्यातल्या कॉलेजच्या पालकसभांची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं, म्हणून परीक्षेची पद्धत तू समजावून सांग. इथे 1.0 सर्वांत चांगला, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 नापास. "2.7 मिळाले" हे न समजावता सांगितलंस तर बाबांची झोप उडेल. लेक्चर्स फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, त्यानंतर परीक्षा, आणि निकाल त्याहून पुढे. तोवर "कसं चाललंय अभ्यासाचं" याला तुझ्याकडे आकड्यात उत्तर नसेल. हेही आधीच सांग.

दिवाळी यंदा नोव्हेंबरात, लक्ष्मीपूजन 8 तारखेला, रविवारी. हे चांगलं झालं. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला पूजा तेव्हा इथे दुपारचे दोन, तू मोकळा. फराळाचा डबा आई पाठवणारच, आणि तिला पाठवू दे. "इथे इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं" हे खरं असलं तरी तिला म्हणू नकोस. फक्त नियम सांग: युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ पार्सलने किंवा सामानातून आणायला मनाई आहे, म्हणून पेढे, बर्फी, तुपाची बरणी नको. चिवडा, चकली, कडबोळी पाठवायची. घरून घरी आलेली 45 युरोंपर्यंतची भेट कस्टम्समधून बिनकराची सुटते. फॉर्मवर प्रत्येक वस्तूचं नाव आणि खरी किंमत इंग्रजीत लिहायची, नाहीतर पार्सल त्सोलमध्ये, म्हणजे इथल्या कस्टम्समध्ये, अडकतं आणि सोडवायला तुलाच जावं लागतं. दसऱ्याच्या आधी पोस्टात पडलेलं बरं.

डिसेंबरात त्यांना बोलावू नकोस. इथे साडेचारला अंधार पडतो, तू परीक्षेच्या तयारीत, खोली एका माणसाची. ते दिवसभर खिडकीशी बसून राहतील आणि तुझी काळजी घेऊन परततील. मे महिन्यात आईला सुट्टी असते आणि इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. ही कागदपत्रं त्यांनीच जानेवारीत गोळा करायला घ्यावीत. दिवाळी संपलेली, पाहुणे नाहीत, घर शांत, अशा दिवसांत पुढचं काहीतरी हातात असलं की बरं असतं. डिसेंबरासाठी दुसरं काही कर. आईला गाण्याची आवड आहे म्हणालास, तर सवाई गंधर्व महोत्सवाची तिकिटं काढून दे, दोघांची. बाबांना तळजाईवर सकाळी चालायला जायला एखादा सोबती जोडून दे. पुण्यात एनआरआयपीओ ही परदेशस्थ मुलांच्या पालकांची संस्था आहे. लगेच सभासद व्हा म्हणून मागे लागू नकोस, पण एकदा तिथल्या लोकांना भेटू दे. याच वाटेने गेलेल्या माणसांशी बोलणं नातेवाइकांशी बोलण्यापेक्षा सोपं जातं.

अडचणी सांगाव्यात की लपवाव्यात? सांग, पण त्यावर तू काय करतोयस तेही त्याच वाक्यात सांग. खोलीचा हीटर बिघडला, दुरुस्तीवाला गुरुवारी येतोय. एका विषयात गाडी अडलीय, ट्युटोरियलला जातोय. एकटं वाटतंय, तेही सांग, आणि शनिवारी कुणाबरोबर बाहेर जाणार आहेस तेही.

खरी भीती उलट दिशेची आहे. लपवतात ते आईवडील. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला एका लग्नातल्या फोटोवरून कळलं. मांडवात, रात्रीच्या वेळी त्यांनी काळा चष्मा घातला होता. "तू उगाच काळजी करशील" हे त्यांचं उत्तर. म्हणून निघण्याआधी तिघं बसून ठरवा: दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली किंवा ऑपरेशन ठरलं तर त्याच दिवशी कळवायचं, तुझी परीक्षा असली तरी. तुझ्याकडूनही तेच. शिवाय एक तिसरं माणूस नेम, मावशी किंवा शेजारचे काका, जे तुला परस्पर खरं सांगतील. त्यांच्याकडे घराची किल्ली, फॅमिली डॉक्टरांचा नंबर आणि मेडिक्लेमच्या कार्डाचा फोटो असू दे. तुझा होस्टेलचा पत्ता आणि इथल्या दोन मित्रांचे नंबर आई-बाबांकडे. आणि अचानक पुण्याला यावं लागलं तर तिकिटाचे पैसे वेगळे ठेव, ते ना भाड्याला वापरायचे ना लॅपटॉपला. रेसिडेन्स परमिटचं काम अर्धवट असताना देशाबाहेर गेल्यास परत येताना अडचण होऊ शकते, तेव्हा व्हिसा संपण्याच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट घे. इथे तारखा लवकर मिळत नाहीत, पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच बघ.